होडीवालीची नऊ गाणी

सगळे त्याला डॉक्टर म्हणायचे, आणि तो डॉक्टर नव्हता. पशुदवाखान्यात तो कंपाउंडर होता. खरा डॉक्टर आठवड्यातून दोनदा मोठ्या गावाहून यायचा, सह्या करायचा आणि बस चुकेल म्हणून तासाभरात काढता पाय घ्यायचा. बाकीच्या दिवशी दोन खोल्यांचा तो दवाखाना, बाहेरचा जनावर अडकवायचा लोखंडी खोडा, सुया उकळायचं पातेलं आणि नदीच्या दोन्ही काठांवरची सोळा गावं याच्याच अंगावर असायची. पहिली दोन वर्षं त्याने "मी कंपाउंडर आहे हो" असं सांगून पाहिलं. मग सांगायचं सोडून दिलं. अडलेली गाय सोडवणाऱ्याला लोक डॉक्टर म्हणतात तर म्हणू देत, आपलं काय जातं.

त्याला गाता येत नव्हतं, पण कान मात्र तिखट होता. गोठ्यात म्हशीला सुई टोचताना पलीकडच्या ओसरीवर कोणी बासरी वाजवत असेल, तर याचा हात तिथल्या तिथे थांबायचा. म्हैस वळून बघायची. असं करता करता त्याला कळलं, की या सोळा गावांत वाजवणारी, गाणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांचं कोणी काही लिहून ठेवलेलं नाही. एक ढोलवाला होता. त्याचा उजवा हात उसाच्या चरकात गेला, तर त्याने सगळे ठेके डाव्या हातावर नव्याने बसवले होते. दोघे भाऊ होते, बांधावरून भांडण झाल्यापासून एकमेकांशी बोलत नसत, पण व्हायोलिन आणि ढोल घेऊन बसले की तासभर एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघत वाजवत. बासरीवाला होता, त्याचे पुढचे दात पडले तेव्हा त्याने बासरीच दुसरी बनवली.

कंपाउंडरने एक कॅसेट रेकॉर्डर घेतला. सायकलच्या मागे औषधांची पेटी आणि पुढे पिशवीत रेकॉर्डर. बायको म्हणाली, "अहो, घरातली माणसं काय बोलतात तेही त्यात भरत जा कधीतरी. नाहीतरी एरवी तुम्हाला ऐकू येतच नाही." पण कॅसेट ठेवायला कपाटातला सगळ्यात वरचा कप्पा तिनेच रिकामा करून दिला. वीस वर्षांत तो कप्पा भरला, खालचा भरला, आणि एकसष्ट माणसांची नावं, गावं, वाद्यं, गुरू कोण, शिकले कसे, हे सगळं लिहिलेल्या सात वह्या झाल्या. जिल्ह्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंच्या कानावर ही गोष्ट गेली. त्यांनी त्याला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाल्या, "तुम्ही हे काय करून ठेवलंय, तुम्हाला कल्पना नाही." त्याला कल्पना होती. थोडी जरा जास्तच होती, हे त्याला पुढे कळलं.

या एकसष्ट जणांत एक होडीवाली होती.

नदीवर पूल झाला त्याच्या आधी चाळीस वर्षं ही बाई उतारू, धान्य, गुरं, शाळेची पोरं, सगळं या काठावरून त्या काठावर नेत असे. होडी बापाची, बापानंतर हिची. वल्ही मारताना ती गायची, आणि तिची गाणी होडीतल्या ओझ्यावर ठरलेली होती. रिकाम्या होडीचं वेगळं, धान्याच्या पोत्यांचं वेगळं, जनावराचं वेगळं. अशी नऊ. ज्याचं त्याचं ओझं, ज्याचा त्याचा ताल. कंपाउंडरने तिला पहिल्यांदा ऐकलं ते एका बिथरलेल्या कालवडीला पलीकडे नेताना. कालवड उडी मारेल म्हणून हा तिची मान दोन्ही हातांनी आवळून बसला होता. होडीवालीने गायला सुरुवात केली तशी कालवड खाली बसली.

"डॉक्टर, तुम्हीपण सोडा आता तिला," ती म्हणाली. "तुमचाच श्वास जास्त जोरात चाललाय."

पूल झाला, होडी काठावर उलटी पडली, आणि होडीवाली घराच्या पायरीवर बसून जाळी विणू लागली. तेव्हा कंपाउंडर रेकॉर्डर घेऊन तिच्याकडे गेला. पहिल्या दोन खेपा नुसत्या गप्पांत गेल्या. तिसऱ्या खेपेला तिने एका दमात, मध्ये पाणी पिऊन, नऊच्या नऊ गाणी म्हटली. कॅसेटच्या एका बाजूवर सगळी मावली. शब्द नंतर टेप ऐकून सावकाश लिहू म्हणून वहीत त्याने फक्त कुठलं गाणं कुठल्या ओझ्याचं एवढंच टिपलं. ओळी म्हणाव्यात तर दोनच लिहिल्या, उथळ पाण्यातल्या गाण्याच्या, कारण त्या त्याला फार आवडल्या:

वाळू गं वाळू, सोड माझी होडी,
भार नाही फार, माणसंच थोडी.

आजारी माणसाला नेतानाच्या गाण्याला शब्दच नव्हते. "आजाऱ्याला शब्द कशाला ऐकवायचे?" होडीवाली म्हणाली. "तो त्यात भलते अर्थ शोधत बसतो." ते ती नुसतं तोंड मिटून गुणगुणायची.

तो परत आला तेव्हा दवाखान्याच्या अंगणात एक गाय अडलेली होती. त्याने कॅसेट टेबलाच्या खणात टाकली आणि बाह्या वर केल्या. कॅसेटवर नाव घालायचं राहिलं ते राहिलंच.

दीड महिन्याने त्याला पत्र आलं. रेडिओचा एक माणूस त्याची मुलाखत घ्यायला येणार होता. त्याची, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नव्हे. कंपाउंडरने ते पत्र बायकोला दोनदा वाचून दाखवलं. मग त्याला वाटलं, आपला आवाज रेडिओवर कसा येईल ते एकदा बघावं. दुपारची वेळ होती, दवाखान्यात कोणी नव्हतं. त्याने खणातली, वर काही न लिहिलेली कॅसेट घेतली, कोरी असणार म्हणून घातली, खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागला. "नमस्कार. मी गेली वीस वर्षं या भागातल्या लोकसंगीताची सेवा करतो आहे." एकदा म्हणून पाहिलं, ते घाईचं वाटलं. दुसऱ्यांदा जरा थांबत थांबत म्हटलं. तिसऱ्यांदा मध्ये एक विनोद घातला आणि स्वतःच हसला. असा तो सव्वीस मिनिटं बोलला.

रेडिओचा माणूस यायच्या आदल्या दिवशी तो होडीवालीची कॅसेट शोधायला लागला. कपाट झालं, पेट्या झाल्या, पिशव्या झाल्या. शेवटी त्याने ती नाव नसलेली कॅसेट घातली आणि बटण दाबलं. "नमस्कार," स्वतःचा आवाज म्हणाला. त्याने टेप पुढे पळवली. तोच. अजून पुढे पळवली. तोच, आणि आता हसतही होता. अगदी टोकाशी, जिथे तो बोलायचा थांबला होता त्याच्या पुढे, एका सुराचं शेपूट शिल्लक होतं आणि त्यानंतर होडीवालीचा बोलण्यातला आवाज: "झालं ना? आता बंद करा ते. चहा ठेवते." बस. एवढंच उरलं होतं.

बायको दारात उभी होती. त्याचा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, आणि त्याने काही सांगितलं नाही. पण टेपमधला आवाज तिनेही ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी रेडिओच्या माणसाने होडीवालीबद्दल विचारलं. कंपाउंडर म्हणाला, "त्यांची गाणी अजून व्हायची आहेत." हे तसं खोटंही नव्हतं. उद्या जायचं, होडीवालीला म्हणायचं, मावशी, माझ्या हातून असं असं झालं, परत एकदा म्हणा. ती दोन शिव्या घालील, हसेल आणि म्हणेल. तिचं घर सायकलवर पाऊण तास.

यानंतर होडीवाली अकरा महिने जिवंत होती.

हे अकरा महिने त्याला पुढे आयुष्यभर मोजता आले. पहिला महिना, लाज जरा निवू दे म्हणून. मग लसीकरण आलं. मग पाऊस. मग इतके महिने गेले, की आता गेलो तर "इतके दिवस का आला नाहीत" याचंही उत्तर द्यावं लागेल, म्हणून. लस टोचायला त्या गावात दोनदा जावंच लागलं, तेव्हा तो तिच्या घरावरून न जाता मागच्या चिखलाच्या वाटेने सायकल हातात धरून गेला. दुसऱ्या वेळी ती नेमकी पाणी घेऊन त्याच वाटेने येत होती.

"डॉक्टर, इकडून कुठे? रस्ता चुकलात?"

"नाही मावशी, जरा घाईत आहे."

"आणि मशीन कुठे? ऐकवणार होतात ना मला माझंच?"

"पुढच्या खेपेला, मावशी. नक्की."

"बघा हं. माझी खेप कधी निघेल सांगता येत नाही," ती म्हणाली आणि हसत हसत पुढे गेली.

ती गेल्याचं त्याला दूधवाल्याकडून कळलं. त्या दिवशी त्याने एका बैलाच्या खुराची जखम धुतली, पट्टी बांधली, आणि बैलाचा मालक निघून गेल्यावर खोड्याच्या दांडीला धरून बराच वेळ उभा राहिला. दुःख तर झालंच. पण त्या दुःखाच्या मागून दुसरंही काहीतरी हळूच आत आलं होतं, आणि ते काय आहे हे त्याला नीट कळत होतं. जीव भांड्यात पडला होता. आता कोणाला सांगावं लागणार नव्हतं. या गोष्टीची लाज त्याला टेप पुसल्याच्या लाजेपेक्षाही जास्त वाटली, आणि तरी तो जीव भांड्यात पडलेला होता तो होताच.

तो निवृत्त झाला आणि ग्रंथपालबाईंनी पुस्तकाचं मनावर घेतलं. त्याच्या सात वह्यांवरून जाडजूड पुस्तक तयार होऊ लागलं, प्रत्येक कलावंताला दोन-तीन पानं. होडीवालीच्या पानावर गाडी अडली. तिला गाळणं शक्यच नव्हतं. दोन्ही काठांवर तिला न ओळखणारं माणूस नव्हतं.

"यांची गाणी कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

तेव्हा तो खरं सांगू शकला असता. खोलीत दोघंच होते. बाई समजूतदार होत्या. पण समोर पुस्तकाची पहिली पानं छापून आली होती, त्यात त्याचा फोटो होता, आणि फोटोखाली लिहिलं होतं, की या माणसाने एकही सूर वाया जाऊ दिला नाही.

"त्यांनी म्हटलीच नाहीत," तो म्हणाला.

"अरेरे. तुम्ही विचारलं होतं ना?"

"कितीदा."

बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पुस्तकात छापून आलं: "वारंवार विनंती करूनही त्यांनी आपली गाणी ध्वनिमुद्रित करू दिली नाहीत. त्यामुळे हा ठेवा त्यांच्याबरोबरच गेला."

शाळेच्या सभागृहात समारंभ झाला. पुस्तकात आलेल्या सगळ्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना बोलावून एकेक प्रत दिली. निवृत्त मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले. त्यांनी कंपाउंडरचं तोंड भरून कौतुक केलं आणि मग आवाज चढवून म्हणाले, की अशी माणसं दारोदार फिरत असताना काही जण मात्र आपली विद्या मुठीत धरून बसतात, कोणाला देत नाहीत, आणि एक दिवस मूठ तशीच घेऊन जातात. त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. लोकांच्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. तिथे होडीवालीची मुलगी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. पन्नाशीची बाई, पलीकडच्या बाजारगावात शिवणकाम करायची. तिने खाली बघितलं आणि पुस्तकाच्या कव्हरवरची धूळ पुसत राहिली. कव्हरवर धूळ नव्हती.

तीन दिवसांनी ती त्याच्या घरी आली. कापडाच्या उरलेल्या तुकड्यात पुस्तक नीट गुंडाळून आणलं होतं. बायकोने तिला बसायला दिलं आणि चहा ठेवला.

"काका, भांडायला नाही आले," मुलगी म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं. आई शेवटचे दोन महिने माझ्याकडे होती. येईल त्याला सांगायची, डॉक्टरांनी माझी नऊच्या नऊ गाणी मशीनमध्ये घेतलीत म्हणून. मी म्हटलं, आई, मलाही एखादं शिकव. तर म्हणाली, आता दम पुरत नाही गं, आणि तुला कशाला, मशीनमध्ये आहेत ना, डॉक्टरांकडे जाऊन ऐक कधीही." ती थांबली. "आता गावात सगळे म्हणतात, म्हातारी बढाया मारत होती. माझी सून पण म्हणाली. मला वाटलं, तुम्हालाच विचारावं. आई खोटं बोलत होती का?"

कंपाउंडरने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वय झालं होतं त्यांचं," तो म्हणाला. "या वयात कधीकधी माणसाला झालेलं आणि न झालेलं…"

"अहो."

बायको स्वयंपाकघराच्या दारात कपबशी घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली. तेवढ्यानेच त्याचं वाक्य तुटलं. त्याला परत ते जोडता येईना. मग त्याने सांगितलं. खणातली कॅसेट, रेडिओचं पत्र, सव्वीस मिनिटं, चिखलाची वाट, सगळं. सांगताना तो मुलीकडे बघत नव्हता. तो तिच्या चपलांकडे बघत होता.

तो थांबल्यावर तिने पुस्तक कापडातून काढलं, आईचं पान उघडून वाचलं आणि मिटलं. मग म्हणाली, "ती कॅसेट आहे?"

"आहे."

"लावा."

"त्यात काही नाही गं आता. शेवटी फक्त…"

"लावा तुम्ही."

त्याने रेकॉर्डर आणला. कॅसेट घातली आणि टेप पुढे पळवायला बटणावर बोट ठेवलं.

"पळवू नका," ती म्हणाली. "जिथे आई होती तिथून सगळं ऐकते मी."

आणि तिघांनी ते ऐकलं. "नमस्कार. मी गेली वीस वर्षं." बायको हळूच खाली बसली. चहावर साय धरली. कंपाउंडरचा आवाज घाईने बोलला, मग थांबत थांबत बोलला. "अनेकदा उपाशीपोटी, चिखल तुडवत, मी या गुणी माणसांपर्यंत पोचलो." "हे काम मी केलं नसतं, तर कोणी केलं असतं?" मग तो विनोद आला, आणि टेपमधला माणूस हसला. खोलीत कोणी हललं नाही. सोळा गावांत त्याच्यावर रागावलेली, ओरडलेली माणसं होती. एकदा एकाने मेलेल्या म्हशीपायी त्याची गचांडी धरली होती. पण आपल्या आवाजाने आपल्याच घरात असं उघडं पाडलेलं त्याने कधी अनुभवलं नव्हतं. त्याला वाटलं, मुलीने एकदाचं काहीतरी बोलावं. ती नुसती मान किंचित तिरकी करून ऐकत होती, शिवायचं कापड तिरकं आहे का बघावं तशी.

मग सुराचं शेपूट आलं. "झालं ना? आता बंद करा ते. चहा ठेवते."

मुलीने हात वर केला. त्याने बंद केलं. तिने परत लावायला सांगितलं, तेवढंच. परत एकदा. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने पदराने नाक पुसलं.

"म्हणजे खरं बोलत होती," ती म्हणाली. पुस्तक परत कापडात गुंडाळलं, दोरा बांधला. "आता हे जसं सांगितलंत तसं लिहा. माझ्या एकटीला सांगून काय उपयोग?"

ग्रंथपालबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि डोक्याला हात लावला. पुस्तक वाटून झालं होतं, वर्तमानपत्रात चांगलं लिहून आलं होतं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं त्या म्हणाल्या. पुढची आवृत्ती निघणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. तेव्हा कंपाउंडरने स्वतःच शुद्धिपत्राचा मजकूर लिहिला आणि छापखान्यात टाकण्याआधी होडीवालीच्या मुलीला, त्या शिवणवालीला, दाखवायला बाजारगावात गेला. तिचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. मशीन, एक आरसा आणि खुंटीला लावलेले अर्धवट सदरे. तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "'होडीवालीबाईंच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण अनवधानाने पुसले गेले. पृष्ठ एकशे बारावरील मजकूर त्यानुसार वाचावा.' अनवधानाने म्हणजे?"

"चुकून."

"पुसलं ते चुकून," ती म्हणाली. "आणि पानावर लिहिलंत ते?"

त्याने कागद परत घेतला. तिने खडूचा तुकडा त्याच्यापुढे केला, मग हसून तो बाजूला ठेवला आणि पेन्सिल दिली. जिन्याखाली उभ्या उभ्याच, कापलेल्या कापडाच्या ढिगावर कागद ठेवून त्याने परत लिहिलं: "होडीवालीबाईंनी आपली नऊही गाणी मला आनंदाने म्हणून दिली होती. ती टेप माझ्या हातून पुसली गेली. ही गोष्ट लपवण्यासाठी मी पृष्ठ एकशे बारावर खोटे लिहिले." खाली त्याने सही केली आणि सहीखाली लिहिलं, "कंपाउंडर."

वाटलेल्या प्रतींची यादी वाचनालयात होती. एकशे अठरा घरं. आता सायकल जमत नव्हती; तो बसने जायचा, चालत जायचा, हातात शुद्धिपत्रांचा गठ्ठा आणि डिंकाची बाटली. दार उघडलं की म्हणायचा, "तुमच्याकडचं पुस्तक जरा द्या, एक कागद चिकटवायचाय." लोक आधी कागद वाचायचे आणि मग त्याच्याकडे बघायचे. पहिली दहा-बारा घरं तो मान खाली घालूनच डिंक लावायचा. कोणी म्हणालं, जाऊ द्या हो डॉक्टर, कोण वाचतंय. ते सगळ्यात वाईट. मुख्याध्यापकांनी कागद वाचला, पुस्तक आणून दिलं, आणि तो चिकटवून होईपर्यंत पाठ करून खिडकीतून बाहेर बघत राहिले. "माझ्याकडून वदवून घेतलंत तुम्ही ते," एवढंच ते म्हणाले. एका घरी बाईने पुस्तक उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं. त्याने पायरीवर बसून कागद चिकटवला, वाळेपर्यंत फुंकर घातली आणि पुस्तक तिथेच ठेवून आला.

पण खरी गंमत बासरीवाल्याकडे झाली, जर तिला गंमत म्हणायचं असेल तर. म्हाताऱ्याने कागद वाचून घेतला आणि विचारलं, "मग माझी आहे का शिल्लक?"

"आहे की."

"कशावरून?"

कंपाउंडर मनात हिशेब करू लागला. वीस वर्षांत त्याने या माणसाकडून चार वेळा बासरी भरून नेली होती आणि एकदाही परत आणून ऐकवली नव्हती. यालाच नव्हे, कोणालाच नव्हती. होडीवालीने मागितलं तेवढंच, एरवी तसं करावं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाटात सुरक्षित आहे म्हणजे झालं, असं त्याला वाटायचं. त्या दिवसापासून डिंकाच्या बाटलीबरोबर रेकॉर्डरही पिशवीत आला. प्रत्येक घरी आधी कागद, मग त्या घरची टेप. बासरीवाल्याने आपली टेप ऐकली आणि नापसंतीने मान हलवली. "हे तिसरं चुकलंय. त्या दिवशी दात दुखत होते माझे. हे असं ठेवू नका माझ्या नावावर. परत घ्या." त्याने परत घेतलं. डाव्या हाताच्या ढोलवाल्याच्या घरी अख्खी गल्ली गोळा झाली. न बोलणाऱ्या भावांपैकी व्हायोलिनवाला गेला होता. उरलेल्याने व्हायोलिनचा भाग ऐकला आणि टेप चालू असतानाच उठून आत निघून गेला. त्याची बायको म्हणाली, "ठेवून जाता का ती इथे?" कंपाउंडरने ती तिथेच ठेवली. अशा बऱ्याच टेपा त्याने घरोघरी ठेवल्या. कपाटातला वरचा कप्पा अर्धा रिकामा झाला.

आणि प्रत्येक घरी तो विचारायचा, होडीवालीचं काही आठवतं का? उथळ पाण्याच्या गाण्याच्या अजून तीन ओळी मिळाल्या. पोत्यांच्या गाण्याचं एक कडवं एका हमालाने म्हणून दाखवलं, पण तो सुराला पक्का नव्हता आणि त्याने ते स्वतःच कबूल केलं. आजाऱ्याचं गाणं कोणालाच आठवेना. त्या होडीतून गेलेले सांगायचे, आम्हाला झोप लागली होती.

स्वतः कंपाउंडरच्या कानात त्याचं काहीतरी होतं. पण ते तिचं होतं का, की इतक्या वर्षांत त्याचं त्यानेच जुळवलेलं, याची त्याला खात्री नव्हती. आपल्या आठवणीवर विश्वास ठेवायचा हक्क आपल्याला उरलाय असंही त्याला वाटेना. म्हणून तो महिन्यातून एकदा शिवणवालीच्या जिन्याखाली जायचा. ती शिवत बसायची, तो स्टुलावर बसून तोंड मिटून गुणगुणायचा, मध्ये मशीनवर रेकॉर्डर चालू.

"नाही," ती म्हणायची. "असं नव्हतं."

"मग कसं होतं?"

"मला कुठे येतंय? पण असं नव्हतं."

एकदा गिऱ्हाईक आलं आणि हा गुणगुणतोय हे बघून तोंडावर हात धरून हसलं. तो कानापर्यंत लाल झाला. "चालू द्या तुमचं," शिवणवाली म्हणाली आणि गिऱ्हाइकाचं माप घेतलं. तिने त्याला माफ केलं, असं ती कधी म्हणाली नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही. चहा मात्र ती दोन कप मागवायची.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी तो असाच काहीसं गुणगुणत होता आणि मशीनचा आवाज एकदम थांबला. तिचा पाय पायट्यावर तसाच होता.

"हे परत म्हणा."

त्याने परत म्हटलं. ते वेगळंच आलं. अजून एकदा म्हटलं, अजूनच वेगळं. तेव्हा तिने कैची खाली ठेवली आणि टेप मागे घ्यायला सांगितली. दोघांनी ऐकलं. त्याच्या म्हाताऱ्या, फाटक्या आवाजात मध्येच एक वळण आलं, पाच-सहा सुरांचं, वर जाऊन सावकाश खाली उतरणारं, आणि लगेच पुढे काहीतरी भलतंच सुरू झालं.

"एवढं आईचं," ती म्हणाली. "बाकी तुमचं."

त्याने वही काढली आणि तिच्यासमोरच तसं लिहून घेतलं.